शंकासुराच्या पाच सह्या

ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. सलाईनच्या पंपाची मोटर किती फिरावी हे ठरवणारी सॉफ्टवेअरची लायब्ररी, म्हणजे कोडचा तयार संच, मूळ कोडपासून बिल्ड करायची, इन्स्टॉल करायची, टेस्ट चालवायच्या आणि सही करायची, हे त्याचं काम. पण सगळ्या टेस्ट पास झाल्या की हा गृहस्थ कोडातली एक ओळ मुद्दाम बिघडवायचा, पुन्हा बिल्ड करायचा आणि टेस्ट बोंबलतात का ते बघायचा. बोंबलल्या तरच त्यांच्यावर विश्वास. राखणदार चोर पकडतो का ते आधी बघावं, असं तो बायकोला सांगायचा. मग भाजीत मीठ जास्त झालं की तुम्ही गप्प का बसता, असं ती विचारायची.

सात महिन्यांपूर्वी ती गेली. आठवड्याच्या रजेनंतर तो कामावर आला. रडला नाही. डबा खायचा, पण काय खाल्लं ते विचारलं तर सांगता आलं नसतं. मुलगी परगावाहून रोज फोन करून कसे आहात विचारायची. तो "ठीक" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. ओळ बिघडवून बघायचं कधी सुटलं, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

त्या मंगळवारी तीनशे बारापैकी तीनशे बारा टेस्ट पास झाल्या. सही करता करता त्याची जुनी खोड जागी झाली. मोटर दुप्पट फिरेल अशी एक ओळ त्याने बिघडवली, पुन्हा बिल्ड केलं, इन्स्टॉल केलं. तरी तीनशे बारा पास.

घाम फुटायला हवा होता, फुटला नाही. त्याने थंडपणे कारण शोधलं. तो रजेवर असताना त्याचा कॉम्प्युटर बदलला होता. नवी लायब्ररी एका फोल्डरमध्ये जात होती आणि टेस्ट दुसऱ्याच फोल्डरमधली जुनी प्रत तपासत होत्या. सात महिन्यांत पाच आवृत्त्या त्याच्या सहीने दवाखान्यांत गेल्या होत्या, आणि एकही तपासलेली नव्हती.

त्याने जाऊन सांगितलं तेव्हा साहेबांनी दार लावून घेतलं आणि पाचही आजच गुपचूप तपासायला सांगितलं. या वेळी त्याने आधी टेस्ट योग्य फोल्डरकडे वळवल्या, दर आवृत्तीची एक ओळ बिघडवली, टेस्ट बोंबलल्या, मग ओळ नीट केली. संध्याकाळपर्यंत पाचही पास झाल्या. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणत साहेब उठले. तो मात्र नोंदवहीत लिहीत होता: या पाच सह्या मी न तपासता केल्या.

"अहो, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. नोकरी जाईल."

"जाऊ दे," म्हणून त्याने खाली सही केली.

घरी पोचला तोच मुलीचा फोन आला. बाबा, कसे आहात? नेहमीचा शब्द त्याच्या तोंडाशी आला होता.

"ठीक नाहीये गं," तो म्हणाला. "सात महिने झाले, ठीक नाहीये."



"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून तर रोज विचारत होते."