शेवटच्या नळाची काकू

"गज्या, मोटर बंद कर! वरच्या प्रभाकरच्या घरी पाणी पोचलं नाई अजून!"

यशोदाकाकूंची ही हाक सकाळी देवळीतल्या आमच्या गल्लीत उठली की तिकडे वर्ध्याच्या बसस्टँडवर झोपलेला माणूस दचकून बादली शोधायचा. हे मी सगळ्यांना सांगायचो आणि कोणी हसलं की मला राग यायचा. काकू जाऊन महिना होऊन गेला. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. एवढा गाजावाजा करणारी बाई, अन् गेली ती कोणाला हाक न मारता...

त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, उतारावर, म्हणून नगरपालिकेचं पाणी पहिलं त्यांच्याकडे. वरचा प्रभाकर म्हणजे मी; माझं घर टोकाला, चढावर. मधल्या गजूसारख्या कोणी नळाला मोटर लावली की माझ्या नळातून नुसती हवा, तीही अशी की तिच्यावर पोतंभर तूर उफणून व्हावी. नळाची वेळ नगरपालिकेनं कागदावर कुठंतरी लिहिली असेल. आम्ही काकूंच्या आवाजावर चालायचो. त्या "नळ आले" म्हणून ओरडायच्या, मग बादली पालथी घालून रस्त्यात बसायच्या आणि कोणाच्या भिंतीआड मोटर घरघरते ते ऐकायच्या. माझ्या बायकोनं गच्चीवरून "आलं, काकू" म्हटल्याशिवाय स्वतःचा ड्रम भरायच्या नाहीत. पहिला नळ त्यांचा, पण भरायच्या शेवटी.

माझ्या मुलीच्या हळदीच्या आदल्या दिवशी भूमिगत गटाराच्या खोदकामात आमचा पाइप फुटला. घरात पाहुणे एवढे की चहा प्यायला पाळी लावावी लागत होती, टाकीत थेंब नाही, आणि जेसीबीवाला म्हणे आज माती लोटून घेतो, पाइपाचं लग्नानंतर पाहू. काकूंनी पदर खोचला, बादली घेऊन सरळ खड्ड्यात उतरल्या आणि ती पालथी घालून बसल्या. मी वरून विनवत होतो, काकू, चिखल आहे, वर या.

"पोरीले हळद कोरडीच लावतं काय?" त्या मला म्हणाल्या. मग जेसीबीवाल्याकडे वळल्या. "लोट बापू माती. मले बी कधीतरी मातीतच जा लागते."

संध्याकाळच्या आत पाइप जोडला गेला. दुसऱ्या दिवशी मुलीच्या गालाला पहिली हळद काकूंनी लावली, तेव्हा त्यांच्या नखांत त्या खड्ड्यातला चिखल तसाच होता. तेवढं शुभ मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

त्यांची तेरवी होईपर्यंत त्यांच्याकडचे पाहुणे नळ आले की सांगायचे; ते गेले आणि त्याच आठवड्यात गल्लीतले सगळे ड्रम कोरडे पडले. नळ आले नव्हते असं नाही. मी दाढी करत होतो तेव्हा माझा नळ शेजारीच खोकला, गुरगुरला. मी म्हटलं, काकू ओरडल्या नाहीत, म्हणजे पाणी नाही. गजूच्या घरी तर धार पडत होती, पण त्याच्या बायकोला वाटलं शेजारी भांडी घासताहेत. पाणी आलं, गटारात गेलं, आणि जाणती माणसं घरोघरी बसून राहिली.

मी तणतणत उतारावर गेलो, काकूंच्या यजमानांना, नामदेवकाकांना जाब विचारायला. ते अंगणात नळाशेजारी बसले होते. नळ उघडाच, फरशी ओली, पायजम्याचे काठ भिजलेले आणि ड्रम रिकामा. दाराशी ती बादली, पालथीच. माझा आवाज आपोआप खाली आला.

"काका, पहिला नळ तुमचा. पाणी आलेलं दिसलं नाई काय?"

"दिसलं ना," काका म्हणाले. "मी बी हाकेचीच वाट पाहून राह्यलो होतो."