न पाहिलेले हापसे

अकोल्याला ट्रेन पकडायची होती आणि बाबांनी जीप वाटेतच थांबवली. मेहकरहून निघायलाच उशीर झालेला. मागे मी, आई, माझ्या दोन बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या. पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा, मांडीवर पाहणीचं रजिस्टर. ते जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात होते. उन्हाळ्यात गावोगावचे हापसे चालू की बंद ते लिहून वर पाठवायचं, हे त्यांचं काम. रस्त्यालगतचं एक गाव राहिलं होतं, म्हणून उतरले आणि हापसायला लागले. आई करवादली, "पोरगी अमेरिकेला चालली आणि हे इथं पाणी हापसत बसले." बाबा घामाघूम होईपर्यंत दांडा मारत राहिले, मग 'बंद' असं लिहून परत आले. आत आडरस्त्याची दोन गावं होती, तिथे जायला वेळ नव्हता. त्यांचे रकाने कोरे ठेवले. मी म्हटलं, लिहून टाका ना काहीतरी, कोण बघतंय. तर म्हणाले, "पाह्यलं नाही ना? मग रिकामं ठेवायचं."

मला त्यांचा भयंकर राग आला. ट्रेन मिळाली, पण धावत. वाकून नमस्कार करायचाही राहून गेला. ही दोन हजार चारची गोष्ट.

अमेरिकेतल्या हर्नडन या गावातल्या माझ्या पहिल्या वर्षाबद्दल मी घरी कुणाला फारसं सांगितलं नाही. पुण्यात हॉस्टेलवर राहिलेली मी, मला वाटायचं एकटं राहणं मला जमतं. हॉस्टेलवर निदान भांडायला तरी कुणी असतं. इथे रविवारी संध्याकाळी लक्षात यायचं की शुक्रवारपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मग उगाच ग्रोसरीत जायचं, दुधाचा एक कॅन घ्यायचा आणि काउंटरवरच्या बाईला 'हाऊ आर यू' म्हणून यायचं. एकदा मराठी मंडळाच्या गणपतीला गेले. एका काकूंनी विचारलं, "आणि तुझे मिस्टर?" मिस्टर नाहीत म्हटल्यावर त्यांनी मला मुलांच्या टेबलावर पिझ्झा वाटायला बसवलं. त्यानंतर मी गेले नाही. माझ्यासारखे जे आलेत त्यांना हे सगळं ठाऊकच आहे. मेहकरला राहिलेल्यांनो, तुम्हाला मी फोटो पाठवत होते ते बर्फाचे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आफ्रिकेतल्या एका देशाचं काम चाललं होतं. देशाचं नाव बाहेर सांगणार नाही अशी सही घेतली होती, म्हणून अजूनही लिहीत नाही. काम काय, तर तिथल्या प्रत्येक गावातले हातपंप एका वेबसाइटवर नकाशात दाखवायचे. चालू तो हिरवा, बंद तो लाल. कुणीही उघडून बघावं आणि सरकारला जाब विचारावा. दुरुस्तीची पथकंही याच यादीवरून निघणार होती. लाल ठिपका नाही तर मेकॅनिक नाही. सगळं उघड करणारी वेबसाइट, आणि तिच्याबद्दल बोलायला बंदी. मला त्याचं हसू यायचं.

गावांची नावं तपासायला त्याच देशाची एक मुलगी आमच्या टीममध्ये होती, मर्सी. मला ड्राइव्ह करता येत नव्हतं, ती माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायची, म्हणून रोज मला ऑफिसला न्यायची. गाडीत आम्ही इंग्रजीत आपापल्या आयांच्या तक्रारी करायचो. हर्नडनमध्ये मला एवढं एकच माणूस होतं.

तिकडून याद्या आल्या, त्यात कितीतरी गावांपुढे 'स्थिती'चा रकाना कोरा. आमचा टीम लीड केतन, पुण्याचा, म्हणाला, "यार, अर्धा मॅप ग्रे दिसतोय. डेमोला मंत्री येणारेत. ब्लँक असेल तिथे वर्किंग धर, नंतर अपडेट करू." केतन वाईट माणूस नव्हता. आपल्याकडे कोरा रकाना म्हणजे अर्ज परत. तो दिसला की आपले हात शिवशिवतात. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली आणि सगळे ग्रे ठिपके हिरवे झाले. बाबांची मुलगी मी, पण मला काहीही आठवलं नाही. आम्ही जेवायला गेलो.

पुढच्या आठवड्यात मर्सी जवळजवळ पळतच माझ्या डेस्कशी आली. तिने आपल्या आईचं गाव शोधलं होतं. हिरवा ठिपका. "त्यांनी दुरुस्त केला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तो माझ्या ओळीने हिरवा झालेला असू शकतो, हे माझ्या लक्षात आलं. पण मी म्हटलं, अरे वा. खरंच झाला असेल दुरुस्त, असं स्वतःला समजावलं. त्या दिवशी तिने मला बाहेर जेवायला नेलं आणि मी निर्लज्जासारखी जेवले.

शनिवारी तिने आईला फोन करून पंपाचं सांगितलं, रविवारी पुन्हा केला. सोमवारी गाडीत, ऑफिस जवळ आलं तेव्हा म्हणाली, आई बादली घेऊन गेली होती. अमेरिकेतून मुलीने सांगितलं म्हणजे खरंच असणार, म्हणून शेजारणींनाही बरोबर घेऊन गेली. पंपाला दांडासुद्धा नव्हता, कधीचाच कुणीतरी काढून नेलेला. बायका आईला हसल्या. मग सगळ्या ओढ्यावर गेल्या.

मर्सीला दुःखापेक्षा संताप जास्त आला होता. पाहणी करणाऱ्या माणसाने घरी बसून खोटं लिहिलं, असं तिने धरलं. तो त्या भागातला शाळामास्तर होता. त्याच्याविरुद्ध ती थेट मंत्रालयात तक्रार करणार होती, वेबसाइट त्यासाठीच तर आहे म्हणाली.

त्या मास्तराने काहीच लिहिलं नव्हतं. त्याने पाहिलं नव्हतं, म्हणून कोरं ठेवलं होतं. आता त्याची नोकरी जाणार होती, माझ्यामुळे. पण सांगितलं तर माझीही जाणार, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. चार दिवस मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, मला माझी नोकरी प्यारी होती, आणि मर्सीही. रात्री झोप लागली नाही वगैरे काही नाही. झोप लागायची. सकाळी तिच्या गाडीत बसायचं, ते मात्र नको व्हायचं.

शुक्रवारी पार्किंगमध्ये, गाडीतच, तिने तक्रारीचं पत्र माझ्या हातात दिलं. इंग्रजी बघ म्हणाली. त्यात मास्तराचं नाव होतं, गाव होतं. मी वाचलं आणि सांगून टाकलं. "त्याने कोरं ठेवलं होतं. वर्किंग मी टाकलं." तिला आधी कळेचना. मग कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझी आई बादली घेऊन गेली होती." पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, नीट घडी घातली, आणि मी उतरायची वाट बघत राहिली.

त्याच दिवशी मी ती ओळ काढली. केतनने डोक्याला हात लावला. पण डेमोत मंत्र्यांनी अर्धा नकाशा करडा का असं विचारलं, तेव्हा तिथे कुणी जाऊन पाहिलेलं नाही, असं सरळ सांगितलं त्यानेच. माझं काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. नशिबाने दुसऱ्या राज्यात, कॅरी नावाच्या गावी, नवी कंपनी मिळाली. तो पंप दुरुस्त झाला का, मला माहीत नाही. हर्नडन सोडेपर्यंतचे दोन महिने मी ऑफिसला चालत गेले. फुटपाथ नव्हता, रस्त्याकडेच्या गवतातून. मर्सीची गाडी शेजारून जायची. तिने कधी थांबवली नाही आणि मी हात केला नाही.

कॅरीतल्या पहिल्या शनिवारी मी घरी फोन लावला. आई नेहमीसारखं म्हणाली, सगळे मजेत. बाबा? तेही मजेत, बाहेर गेलेत. मी म्हटलं, "आई, सांगायचं नसेल तर सांगत नाही म्हण. पण मजेत म्हणू नको."   मग ती म्हणाली, "त्यांना दिसत नाही गं. दिवाळीपासून. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते." बाबा शेजारीच बसले होते. सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, मी इतक्या लांब एकटी म्हणून.

मी कार्पेटवर बसून खूप रडले. घर म्हणजे काय, असं इथे अमेरिकेत जमलेली माणसं एकमेकांना विचारतात आणि कुणी पुरणपोळी म्हणतं, कुणी आई म्हणतं. माझ्यापुरतं सांगते. त्या दिवसापर्यंत माझं घर मी सोडून आले तसंच होतं, सगळे त्यात मजेत होते आणि मी त्याच्या बाहेर होते. आता बाबा भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जातात आणि मला ते माहीत आहे. त्या शनिवारी, निघाल्यापासून पहिल्यांदा, मी घरात होते.