सासऱ्यांचा माउथऑर्गन किती जुना?

मी माउथऑर्गन धुतला. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, सगळं साग्रसंगीत. आतली चौकट लाकडाची असते, ती फुगते आणि बाजा मुका होतो, हे मला धुतल्यावर कळलं. मला बहुतेक गोष्टी धुतल्यावरच कळतात.

तो माझ्या सासऱ्यांचा. ते गेल्यावर घर आवरताना बायकोच्या दादाने तो तिला दिला आणि वर म्हणाला, "हा तो नव्हे गं. तुझ्या लहानपणीचा कधीच हरवला. हा बाबांनी मागाहून घेतला."

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "वाजवून बघते, मग सांगते तो की नाही ते." ती चहा ठेवून येईपर्यंत मी तो चकचकीत करून ठेवला होता.

मग प्रायश्चित्त म्हणून त्याचं वय शोधायला घेतलं. जुन्या वाद्यांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. एकाने विचारलं, देशाच्या नावाआधी 'मेड इन' आहे का? दुसरा म्हणाला, पत्र्यावर कोरलेल्या ताऱ्याला टोकं किती? तिसऱ्याला पत्रा खिळ्यांनी बसवलाय की स्क्रूने, ते हवं होतं. भिंगातून टोकं मोजली तर एकदा पाच भरली, एकदा सहा, कारण अर्धा तारा मी ब्रशने घासून टाकला होता. तिघांनी तीन वेगवेगळे काळ सांगितले आणि आपसांत भांडत बसले. बायको म्हणाली, "त्यांना राहू दे. आधी तो वाजता करा."

शेवटी भाईंदर पश्चिमेला, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो.

"साहब, लकड़ी को कोई धोता है क्या?" म्हणत त्यांनी तो उघडला. फुगलेलं लाकूड घासून सारखं केलं. "सात नंबर के सुर की पत्ती टूटी हुई है. ये आपने नहीं तोड़ी, बरसों पुरानी बात है. नई डालूँ?"

"डालो, डालो!" निदान एक पाप तरी माझं नव्हतं.

घरी बायकोने बाजा ओठांना लावला. बाबा रोज वाजवायचे ती अंगाई चाचपडत शोधली आणि मध्येच थांबली.

"हा सूर कुठून आला?"

"नवी पत्ती टाकली. जुनी म्हणे कैक वर्षं तुटलेली होती."

ती खुर्चीत बसली. "बाबा गाण्यात या सुरापाशी आले की नाकातून 'हं' करायचे. मला वाटायचं, गाणंच तसं आहे." मग डोळे पुसून म्हणाली, "हाच तो. दादाला मी सांगते. आणि तुम्ही उद्या जाऊन ती पत्ती काढून आणा."