अनार्किया नावाची मुलगी

रमेईच्या नवऱ्याने, आउरेलीने, मुलीचं नाव ठेवलं अनार्किया. ल्योब्रेगात नदीकाठच्या त्या गिरणीगावात तेव्हा अशी नावं ठेवायची पद्धतच पडली होती. बाप्तिस्मा मात्र अशा घरांत कुणी करत नसे.

"अराजक? हे काय पोरीचं नाव झालं?" शेजारची तेक्ला म्हणाली. "मोठेपणी घरं पेटवणार की काय ही?"

"मावशी, राजा नको, मालक नको, एवढाच अर्थ. ज्याचं काम त्याने ओळखून करायचं."

"मग सुरुवात तुझ्या मोज्यांपासून कर. बायको धुते ते!"

देशात यादवी युद्ध लागलं, मालक पळाला आणि कामगार गिरणी चालवू लागले. पहिल्याच सभेत भोंगा बंद करायचं ठरलं. तरी सगळे वेळेवर येत. तेक्ला तेवढी उशिरा यायची, पण ती मालकाच्या राज्यातही उशिराच येत असे. अनार्किया या शब्दाचा अर्थ रमेईला कळला तो त्या बिनभोंग्याच्या सकाळींमधून. त्याच शब्दाच्या नावाखाली गावातलं चर्च जळालं, तेही तिने पाहिलं होतं.

कामगारांची बाजू युद्ध हरली. आउरेली आघाडीवरून परतला नाही. परतला तो मालक, आणि त्याच्यामागून भोंगा. आता तसली नावं बंद झाली होती आणि बाप्तिस्मा झाल्याशिवाय मुलाला शाळा नव्हती, धर्मादाय खानावळीतलं सूपही नव्हतं. पोरीच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या. रमेईने रोसारिओ हे नवं नाव कबूल केलं.

पण नवा पाद्री पारखून घ्यायचा. मुलाला मागून जुन्या नावाने हाक मारायची. वळलं, तर घरात अजून तेच चालतं असं समजून आईला चौकीवर बोलावणं.

रमेईने पोरीला शिकवायला घेतलं. शेंगा सोलताना, पाणी भरताना ती मध्येच हाक मारी, "किया!" पोर वळली की म्हणे, "हरलीस."

"अगं आई, ऐकू येतं तर मान वळणारच ना!"

"समोर संताचा पुतळा असेल. त्याच्या पायाची बोटं बघत राहा."

डागडुजी केलेल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. पोर ओल्या कपाळाने पुतळ्याकडे चालली होती. मागून पाद्री मायेने म्हणाला, "अनार्किया, बाळ, रुमाल पडला बघ तुझा."

पोर वळली नाही. वळली रमेई.

पाद्री तिच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात धर्ममाता म्हणून उभी असलेली तेक्ला वाकली आणि तिने रुमाल उचलला.

"पाद्रीबाबा, नवाकोरा रुमाल पडला म्हटल्यावर कुठली आई वळणार नाही? माझंही लक्ष तिकडंच गेलं. आणि पोरीचं नाव रोसारिओ आहे. आत्ताच तुम्ही ठेवलंत, विसरलात?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. पाद्रीने हात हलवून त्यांना जायला सांगितलं.

खानावळीतून सुपाचं भांडं घेऊन मायलेकी घरी आल्या.

"आई, तू का वळलीस? मी जिंकले ना?"

"जिंकलीस."

पोर जेवायला बसली. रमेईने दार लावलं, कडी घातली आणि हळूच म्हणाली, "किया."

चमचा थांबला नाही. पोर भांड्यातच बघत होती.

रमेईने पुन्हा हाक मारली नाही. भोंगा झाला होता. तिने शाल घेतली आणि कामावर निघाली.