आधी रिकामा पाय

मी भित्री बाई नव्हते, हे आधीच सांगून टाकते. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या आमच्या गावात तीस वर्षं अंगणवाडी चालवली, नवरा गेल्यावर शेतीही बघितली. पण गेल्या वर्षी भाताच्या आवणीत, म्हणजे रोपांच्या लावणीत, खाचराच्या बांधावरून पाय सटकला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण भीती मानगुटीवर बसली ती बसलीच. न्हाणीत जायचं तर भिंत धरून. ओटा उतरायचा तर आधी चारदा खाली बघून. मनात सारखं तेच, आज पडले तर? खुबा मोडला तर?

मुलगा नाशिकला असतो. पडले त्या दिवशी तो माझ्या मागूनच चालत होता. तेव्हापासून रोज फोन, "आई, आता इकडेच राहायला ये. लिफ्ट आहे." लिफ्टचं काय मेलं कौतुक! एकदा वैतागून मी म्हटलं, "एकटीनं बांधावरून चालत शेतात गेले, तर राहू देशील इथं?" तो म्हणाला, "पुढच्या आवणीला येतो. माझ्यासमोर जाऊन दाखव." शब्द तर दिला, आणि फोन ठेवून न्हाणीत गेले ती भिंत धरूनच.

हाताचा व्यायाम शिकवणाऱ्या संगमनेरच्या मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी ‘ताई ची’ नावाचा प्रकार दाखवला. चीनमधला सावकाश व्यायाम, तोल सुधारतो, मनही थाऱ्यावर येतं, म्हणाल्या. गुडघे जरा वाकवायचे, पाऊल नुसतं टेकवायचं, भार द्यायचा नाही. मग श्वास सोडत सोडत अंग त्या पायावर न्यायचं. हात्तिच्या, एवढंच? घरी अंगणात करायला गेले आणि तिसऱ्याच पावलाला डुगडुगायला लागले.

शेजारच्या थोरल्या जाऊबाई कुंपणावरून बघत होत्या. "अगं बया, माश्या हाकलतीस का कुनाला ववाळतीस?" मी रागानं आत निघून गेले. पण करते काय, आवणी जवळ येत होती. रोज सकाळी करत राहिले, आणि त्या रोज हसत राहिल्या.

मागं जायचं पाऊल काही केल्या जमेना. एके दिवशी जाऊबाईंनाच राहवेना. "टाच काय आपटतीस? आवनीत मागं मागं सरताना चिखलात काय करतो आपन? आधी रिकामा पाय सोडायचा, तळ लागला का न्हाई चाचपायचं, मंग भार. जल्म गेला की तुजा त्यात!"

खरंच की! इतकी वर्षं कमरेत वाकून उलटं चालले, चिखलात कधी पडले नाही. पडले ती बांधावर, घाईत.

त्यानंतर अंगाला उमज पडत गेली. गुडघ्यांची कुरकुर कमी झाली, झोप लागायला लागली. देवापुढं हात जोडले तरी माझं मन पडण्याचाच विचार करायचं. अंगणातली ती पंधरा मिनिटं मात्र श्वास आणि पाऊल, बास. भीती गेली म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू?

ठरल्याप्रमाणे मुलगा आला. गाडीत माझ्या कपड्यांसाठी रिकामी बॅगही आणली होती. बांध ओला होता. मी निघाले, आणि पडले होते नेमक्या त्या जागी पाय जे थिजले ते हलेनात.

"आई, राहू दे, मागं ये!"

"गप रे!" आवणीला आलेल्या जाऊबाई त्याच्यावर ओरडल्या. "तिला बोलू नगंस."

मी श्वास सोडला. रिकामा पाय. तळ. मग भार. पुन्हा रिकामा पाय. असं करत पलीकडे पोचले.

शेतात पाऊल टाकण्याआधी माती कपाळाला लावायची आमची रीत. पडल्यापासून ती मोडली होती, वाकलं की डोकं गरगरायचं. "वाकू नकोस!" मुलगा ओरडला. मी गुडघ्यांत सावकाश वाकले, चिखलाला हात लावून कपाळाला लावला आणि कशाचाही आधार न घेता उठले. डोळ्यांना धार लागली होती.

वळून पाहिलं तर तो बांधाच्या त्या टोकाला मटकन खाली बसला होता.

"त्या दिवशी मी मागंच होतो गं आई. माझा हात पोचला नाही."

वर्षभर हे उराशी धरून बसला होता लेकरू, आणि मी त्याच्या लिफ्टला नावं ठेवत होते!

"बूट काढ," मी म्हटलं. "आणि ये इकडं. आधी रिकामा पाय टाक."