कबड्डीवाले रग्बी सर

आमच्या रग्बीच्या सरांना चेंडू झेलता येत नसे. यात अतिशयोक्ती नाही. तो लांबुळका चेंडू समोरून आला, की अंगावर कोणी मांजर फेकल्यासारखे ते दोन्ही हात पुढे करायचे. चेंडू छातीवर आदळून भलतीकडेच जाई. मग सर अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत, "असं नाई करायचं, हे दाखवलं तुमाले." आम्ही पोरी ओढणीत तोंड खुपसून हसत असू आणि सर आम्हाला हसू देत.

सर मूळचे कबड्डीचे. समुद्रपूरकडचे. तरुणपणी त्यांनी गावोगावच्या मैदानांवर नाव काढलं होतं आणि त्याची खूण म्हणून त्यांचा डावा खांदा कायमचा उतरला होता. पुढे ते वर्ध्याजवळच्या सेलूला आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक झाले. एका वर्षी नागपूरला रग्बी शिकवायचं शिबिर निघालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायला कोणीच तयार होईना, म्हणून मुख्याध्यापकांनी सरांना पाठवलं. ते परतले, तेव्हा कापडी पिशवीत एक चेंडू होता आणि तोंडात बरेच इंग्रजी शब्द. त्यातले अर्धे शब्द ते आठवड्याभरात विसरले, पण खेळ मात्र त्यांच्या मनात भरला. या खेळात जाड्या पोरीला काम आहे, बुटक्या पोरीला आहे आणि नुसत्या पळणारीलाही आहे, कोणाला घरी बसवायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी बुटकी. दोन्हीकडच्या दणकट पोरी खांद्याला खांदा भिडवून एकमेकींना रेटतात, त्या स्क्रमच्या मागून चेंडू उचलून आपल्या पोरींकडे देण्याचं काम माझ्याकडे आलं.

शाळेचं मैदान मुरमाचं. तिथे पडलं की कोपर सोलून निघे. म्हणून तूर निघाली की सर ओळखीच्या शेतकऱ्याचं वावर मागून घेत आणि आमचा सराव काळ्या मातीत चाले. घरी जाताना आमच्या अंगावर इतकी माती असे, की एसटीचा कंडक्टर आम्हाला मागच्या सीटवर बसवायचा.

खरी अडचण वेगळीच होती. आम्ही सगळ्या आधी सरांच्याच हाताखाली कबड्डी खेळलेल्या. धरलेल्या गड्याला पंचाची शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही, हे त्यांनी आमच्या हाडात भिनवलं होतं. रग्बीत याच्या उलट. पळणारीला पाडलं, ती जमिनीवर आली, की तिला लगेच सोडावं लागतं. नाही सोडलं तर पेनल्टी. आम्ही पाडायला पटाईत, पण सोडायच्या नावाने बोंब. सर वावराच्या बांधावरून घसा कोरडा होईपर्यंत "सोड, सोड" ओरडत आणि मग स्वतःवरच चिडून म्हणत, "मीच शिकवलं, आता मीच भोगतो."

त्यांची आणखी एक सवय होती. सराव सुरू करण्याआधी ते एकेकीला विचारत, आज घरी काय भाजी होती. आम्हाला वाटे, सरांना खाण्याची आवड आहे. कारण पुढे कळलं. एखादी पोरगी डोक्यावर पडली, की सर धावत जात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारत. शिबिरात त्यांना सांगितलं होतं, की डोक्याला मार बसला तर काही साधे प्रश्न विचारा आणि शंका आली तर खेळाडूला बाहेर काढा. ते छापील प्रश्न सरांना आवडले नाहीत. पंतप्रधानाचं नाव आमच्यातल्या काहींना एरवीही झटकन आठवलं नसतं. भाजीचं उत्तर मात्र सरांच्या ध्यानात पक्कं असे.

सुषमा आमची कॅप्टन. हिंगणीची, सगळ्यांत उंच. घरी आईशी ती गोंडीत बोले. मैदानाच्या कडेवरून चेंडू आत टाकताना तो कोणासाठी आहे, ते आधी आपल्या पोरींना समोरच्यांना न कळणाऱ्या खुणेने सांगावं लागतं. सरांनी त्यासाठी सुषमाकडून गोंडी आकडे घेतले आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतले. सुषमाच्या भाषेवर वर्गात कधी कधी हसणाऱ्या पोरीही ते आकडे मोठ्याने म्हणू लागल्या. सुषमाला पोलिसात जायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. राज्य स्पर्धेत नंबर आला, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून भरतीची आशा होती, आणि राज्य स्पर्धेच्या आड एकच सामना उरला होता. तो पुण्यात, तिथल्या एका क्लबच्या पोरींशी, त्यांच्याच मैदानावर.

आम्ही वर्ध्याहून रेल्वेने गेलो. जनरलच्या डब्यात, पिशव्यांवर बसून. सकाळी पोहोचलो आणि दुपारी सामना. मैदान हिरवंगार, गादीसारखं. आमच्या पोरी आधी त्यावर मुद्दाम पडून पाहू लागल्या, लागत नाही म्हणून पुन्हा पडू लागल्या. समोरच्या संघाचे आईबाप घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते. त्यांच्या पोरी अंगाने भरलेल्या, बुटांपासून दातांतल्या संरक्षकापर्यंत सगळं जिथल्या तिथे. सरांनी आम्हाला गोल उभं केलं. भाषण वगैरे नाही. प्रत्येकीला विचारलं, काय खाल्लं. बहुतेकींनी स्टेशनबाहेर पोहे खाल्ले होते. सुषमापाशी ते आले, तेवढ्यात रेफरीने दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि ती उत्तर न देताच पळाली.

सामना चांगला झाला. त्या पोरी आम्हाला ढकलून नेत, पण मोकळ्या जागेत आमच्या पायांना त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. गोंडी आकडे ऐकून तर त्या एकमेकींकडे पाहत राहत. अखेरचा थोडा वेळ उरला तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. तेवढ्यात सुषमाने एकीला पाडलं आणि दुसरीचा गुडघा सुषमाच्या कानशिलावर बसला. ती उठली, पण जरा थांबून.

सर आत आले. त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

सुषमाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "वांगं."

सरांनी बाहेर चलण्याची खूण केली. मी मध्ये पडले. सुषमाने पोहे खाल्लेच नव्हते. आईने दिलेल्या डब्यातली वांग्याची भाजी-पोळी तिने माझ्या शेजारी बसून खाल्ली होती. उत्तर बरोबर होतं. मी हे सरांना दोनदा सांगितलं. रेफरीही म्हणाला, पोरगी ठीक दिसतेय, तुम्ही ठरवा. सुषमाने सरांचा हात धरला होता. ती विनवत नव्हती, नुसता हात धरून उभी होती.

सर म्हणाले, "बरोबर असंल. पण तिले आठवा लागलं. सकाळचं जेवण आठवा लागत असंल, तं पोरगी बाहेर."

राखीव पोरी आधीच आत आल्या होत्या. पंधरांपैकी आम्ही चौदा जणी उरलो. तरी आम्ही तग धरला. शेवटी आमच्यातल्या दोघींनी मिळून त्यांच्या एकीला आमच्या रेषेजवळ सुरेख पाडलं आणि धरून ठेवलं. बाहेरून सरांचं "सोड" ऐकू येत होतं, पण त्या दोघी आता कबड्डी खेळत होत्या. पेनल्टी झाली. त्यांच्या पोरीने चेंडू खांबांमधून मारला, तीन गुण घेतले आणि आम्ही एका गुणाने हरलो.

त्याच संध्याकाळी सर सुषमाला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, पाहिजे ते सगळं पाहिलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. सरांनी त्यांचे आभार मानले. परतीच्या गाडीत सुषमा त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. धरून ठेवणाऱ्या त्या दोन पोरी रडत होत्या. सरांनी त्यांना जवळ बसवून सांगितलं, की चूक त्यांची नाही, हाताला लागलेली जुनी सवय आहे आणि ती लावणारा माणूस समोर बसलाय. सुषमाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. आपलं बरोबर होतं असंही नाही आणि चुकलं असंही नाही. मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता.

महिन्याभराने सर एसटीने हिंगणीला गेले. सुषमाच्या आईने अंगणात चहा दिला, सुषमा घरातून बाहेर आली नाही. सर पुन्हा गेले. शेवटी तिच्या आईकडे निरोप ठेवला, की भरतीला धावावं तर लागेलच, उद्यापासून सकाळी बोर धरणाच्या रस्त्यावर ये. ती आली. साधारण वर्षभर हे चाललं. ती धावायची, सर घड्याळ पाहून वेळ सांगायचे, ती मान हलवायची. बोलणं नाही. पावसाळ्यात सर छत्री घेऊन उभे असत. भरतीत ती थोडक्यात मागे राहिली. खेळाडूंच्या राखीव जागांच्या यादीतली शेवटची पोरगी तिच्यापेक्षा कमी गुणांवर लागली होती. तिने ते वाचलं, सरांनीही वाचलं.

पुढे सुषमा बोरच्या जंगलात पर्यटकांची गाइड झाली. मी नोकरीला वर्ध्याला आले. सर निवृत्त होऊन समुद्रपूरला गेले, अधूनमधून फोन करून काय जेवलीस विचारत. या हिवाळ्यात झोपेतच गेले. बातमी कळली तेव्हा मी कामावर होते आणि सगळ्यांसमोर रडले.

सरांच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सुषमा येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. सोबत तिची लहान मुलगी होती. बुद्धवंदना झाली, लोक सरांबद्दल चांगलं चांगलं बोलले. नंतर आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. पोरगी मांडवाच्या बांबूंमधून वाकडीतिकडी पळत होती, तिला कोणी पकडू शकत नव्हतं. सुषमा तिच्याकडे पाहत होती.

"त्या दिवशी मले काईच झालं नव्हतं," ती म्हणाली. "मी आजई तेच म्हणीन."

मी हो म्हटलं.

"पण ही उद्या खेळाले लागली, तं कोणाच्या भरवशावर पाठवू तिले? तू सांग. सर तं गेले."