जोडीतला एक दिवा

पिवळ्या काचेच्या त्या सात तुकड्यांची आठवण निघाली, की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी बदलापूर भागात फौजदार होतो. वय तिशीच्या आतलं आणि डोकं कायम तापलेलं. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे त्याने तोंड उघडण्याआधीच मला कळतं, अशी माझी ठाम समजूत होती.

गुढीपाडवा होऊन चार दिवस झाले होते. दिवेलागण होऊन गेल्यावर चामटोलीजवळ लाकडाची मोळी घेऊन पाड्याकडे परतणाऱ्या एका बाईला गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. थोड्या वेळाने एका जीपवाल्याने बाईला उचलून उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाई बेशुद्ध, मांडीचं हाड मोडलेलं. सकाळी आम्ही जागेचा पंचनामा केला. रस्त्याच्या कडेला पिवळ्या काचेचे सात तुकडे मिळाले. ते पुडीत बांधून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून मुद्देमालात जमा केले.

त्याच वेळी बाईचा नवरा पाड्यावरची चार माणसं घेऊन ठाण्यात आला.

"सायेब, दवाखान्यात नेली त्यानंच ठोकली," तो म्हणाला. "मी वर टेकाडावं व्हतो. चार दिवं आलं, धाडकन वाजलं. पळत खाली आलो तर चार दिव्यांचीच गाडी उभी, न माझी बायको तिच्यात घातलेली."

त्या काळी गाड्यांचे मूळ दिवे मिणमिणते असत. वांगणीच्या बाजूला रस्त्यावर दिव्याचा एकही खांब नव्हता. म्हणून अंधारात ये-जा करणारे काही जण बंपरवर दोन जादा पिवळे दिवे बसवून घेत. माझ्या मते हे सगळे शौकीन आणि सुसाट चालवणारे. दुपारपर्यंत जीप ठाण्याच्या आवारात आणि जीपवाला माझ्या टेबलासमोर होता.

चाळिशीचा, काटक, आसपासच्या पाड्यांवरची आजारी माणसं, बाळंतिणी याच जीपने दवाखान्यात नेणारा. बंपरवर दोन पिवळे दिवे होतेच, आणि दोन्ही कोरे करकरीत.

"हे कधी बदलले?" मी विचारलं.

"पाडव्याला सायेब. यक खडी उडून फुटला व्हता. पाडव्याला गाडीची पूजा, फुटक्या दिव्यानं कशी करू?"

"एक फुटला, मग दोन कशाला नवे?"

"उल्हासनगरचा शेट सुटा देत नाय. जोडीच नेवाची बोलला."

मी टेबलावर हात आपटला. एक फुटला म्हणून दोन घेणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता! "काल रात्री काच फुटली, सकाळी दोन्ही बदलले, म्हणजे संशय नको. असंच ना?" मी ओरडलो. तो डोळे वर करून शांतपणे म्हणाला, "मी ठोकली असती तर तिला उचलून दवाखान्यात, पोलिसांसमोर कशाला नेली असती?"

"हे दिवे तरी कशाला लावलेत? जोरात पळवायला?"

"कडेनं चालणारी माणसं दिसावी म्हणून. डावा दिवा जरा कडेला वळवलाय, बघा."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. गुन्हा जामीनपात्र होता, त्यामुळे माणूस सुटला. पण जीप मी जप्त ठेवली. बाई दगावली तर कलम वाढणार होतं, लायसन जाणार होतं, आणि पाड्यावर त्याला कोणी उभं करणार नव्हतं. माझ्या हवालदाराने, ज्याची नोकरी माझ्या वयाइतकी झाली होती, स्टेशन डायरी लिहिता लिहिता एवढंच म्हटलं, "साहेब, पाड्यावर आता कोणाला कळा लागल्या तर झोळी करून चालत यावं लागेल." मला ते झोंबलं. म्हणालो, "चला, उद्या त्याचं खोटं शेटच्या दुकानातच पकडू."

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरला गेलो. बोळकांडीतली गाड्यांच्या सामानाची दुकानं, हॉर्नचे आवाज, प्रत्येक फळीवर माल खच्चून भरलेला. शेट गल्ल्यावर चहा बशीत ओतत होते. मी जीपवाल्याचं वर्णन सांगितलं.

"हां, आला होता. आमच्या चेटीचंडच्या आदल्या दिवशी. पूजा आहे, जल्दी करो, बोलत होता. जोडी घेऊन गेला."

चेटीचंड हा सिंधी लोकांचा नववर्षाचा सण; त्याचा आदला दिवस म्हणजे पाडवाच. माझा चेहरा पडला असावा. तरी मी हट्टाने विचारलं, "त्याला एकच पाहिजे होता. दिला का नाही?"

"साहेब, जोडी म्हणजे जोडी. एक तुम्हाला दिला तर दुसऱ्याचं मी काय करू, लोणचं घालू?" असं म्हणून शेटनी काचेच्या कपाटाकडे तिरस्काराने बोट दाखवलं. "ये देखो. कल सुबह एकाने जोडी तोडायला लावली. तेव्हापासून हा एकटा बसलाय."

कपाटात एकच पिवळा दिवा होता. शेजारची खोक्यातली जागा रिकामी.

मी कपाटाकडे दोन पावलं सरकलो. काल सकाळी म्हणजे अपघातानंतर काही तासांतच!

"मग त्याला का दिलात?"

"बोहनी होती ना, साईं! शटर आधं उघडलं होतं. नाय बोललो तरी ऐकेना, एकच पाहिजे, आत्ता पाहिजे. बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत कसं पाठवणार? पूरा दिन खराब जातो."

शेटना गाडीही आठवत होती: क्रीम रंगाची फियाट, पुढच्या काचेवर अंबरनाथच्या एका कारखान्याचा पास चिकटवलेला. दिवा दुकानासमोरच बसवून दिला होता. "आणि जुना? फुटलेला?" माझा आवाज चढला होता. शेट माझ्याकडे दया आल्यासारखे बघत म्हणाले, "इधर कुछ फेंकता नहीं कोई." दुकानातल्या कारागिराने तुपाचा एक डबा पुढे ओढला. बल्ब, पत्रे, स्क्रू यांच्या ढिगात तो दिवा होता. कडेला पिवळ्या काचेचे दात अजून अडकलेले होते.

दुकानातच पंच बोलावून आम्ही तो ताब्यात घेतला. परतताना मी तो दिवा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. ठाण्यात पंचांसमोर मुद्देमालाची पुडी उघडली. हवालदारांनी चष्मा लावून एकेक तुकडा दिव्याच्या कडेशी धरला. तिसरा तुकडा खटकन बसला. मग पाचवा. मी अक्षरशः टाळी वाजवली. ठाणे अंमलदार दचकून उठले.

कारखान्याच्या फाटकाशी गाडी लगेच सापडली. एका दिव्याची काच धुळकट, एकाची झळझळीत. दोन्ही दिवे सरळ समोरच्याच्या डोळ्यांवर रोखलेले.

मालक तिथलेच एक अधिकारी होते. आठवडी सुट्टीखेरीजही वांगणीच्या शेतघराकडे जात. सुरुवातीला ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले. मी टेबलावर फुटका दिवा ठेवला आणि एकेक तुकडा लावत गेलो. चौथ्याला त्यांनी पाणी मागितलं आणि मराठीत सगळं सांगितलं. समोरून ट्रक येत होता, तो दिवे कमी करेना म्हणून यांनीही चारही दिवे चालूच ठेवले. ट्रकच्या उजेडाने डोळे दिपले आणि कडेची बाई दिसलीच नाही. मी विचारलं, "जोडी का नाही घेतली?" ते खाली बघत म्हणाले, "दुसरा चांगला होता ना."

एक फुटला तर एकच घ्यावा, हे माझ्या डोक्याला पटणारं; गुन्हेगार नेमका तसाच वागला होता. आणि जोडीची जी गोष्ट मला खोटी वाटली, ती खरी होती.

त्याच दिवशी जीप सोडली. किल्ली देताना मी म्हणालो, "माझं चुकलं." वर्दीत हा शब्द जड जातो. त्याने किल्ली घेतली, जीप सुरू केली आणि निघून गेला. बाई पुढे कुबडीवर का होईना, चालायला लागली. तिचा नवरा जीपवाल्याच्या दारात जाऊन रडून आला, असं कानावर आलं. पण मला एकच चिंता लागून राहिली: रस्त्यात माणूस पडलेला दिसला, तर हा आता पुन्हा थांबेल का?

पावसाळ्यात उत्तर मिळालं. खरवईजवळ एक सायकलवाला ट्रकखाली येता येता वाचला आणि जखमी झाला. मी दवाखान्यात पोहोचलो तर फाटकाशी तीच जीप उभी, मागच्या बाकावर रक्ताचे डाग. जीपवाल्याने मला पाहिलं, खाली उतरला आणि बंपरकडे हात करून म्हणाला,

"आधी काचा तपासून घ्या सायेब. दोन्ही शाबूत हायेत."

हवालदार तोंड फिरवून हसले. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मी समोरच्या टपरीवरून दोन चहा आणवले आणि त्याच्यासोबत जीपला टेकून उभा राहिलो. पुढच्या सगळ्या नोकरीत, जखमीला घेऊन येणाऱ्या माणसाला मी आधी चहा दिला आणि नाव-गाव मग विचारलं.